नात्याला जागणारा देव: हिब्रू स्तोत्रांतली 'दया' आणि 'तारण'

मराठी बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडली की दोन शब्द पानोपानी भेटतात, दया आणि तारण. दोन्ही ओळखीचे आहेत आणि म्हणूनच फसवे. दया म्हटलं की सिग्नलला गाडीच्या काचेवर टकटक करणारं पोर आणि खिशातलं नाणं आठवतं. देणारा वर, घेणारा खाली, दिवा हिरवा झाला की संबंध संपला. तारण म्हटलं की बँक आठवते: सोनं तारण, घर तारण. मूळ हिब्रू कवितेत पहिल्या शब्दाचा रोख जवळजवळ उलटा आहे. दुसऱ्याची गंमत अशी की त्याचा बँकेतला अर्थ मूळ हिब्रूच्या बराच जवळ जातो.

## ही कविता चालते कशी

संग्रहाचं हिब्रू नाव तेहिलीम, म्हणजे स्तवनं. एकूण १५० स्तोत्रं, पाच भागांत. ७३ स्तोत्रांच्या माथ्यावर राजा दावीदाचं नाव आहे, पण सगळी एका माणसाची नाहीत आणि एका काळातलीही नाहीत. १३७ वं स्तोत्र बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, नद्यांकाठी बसून रडतं, तेव्हा ते इ.स.पू. ५८६ मध्ये यरुशलेम पडून लोक तिथे कैदेत गेल्यानंतरचं हे उघड आहे. आणि नाव स्तवनांचं असलं तरी संग्रहातला सगळ्यांत मोठा गट गाऱ्हाण्यांचा आहे.

यात यमक शोधू नये. ओळ साधारण दोन तुकड्यांत पडते आणि दुसरा तुकडा पहिल्याचंच म्हणणं जरा वळवून पुन्हा म्हणतो. रॉबर्ट लोथ या इंग्रज अभ्यासकाने १७५३ मध्ये याला समांतरता असं नाव दिलं. वाचकाला याचा थेट उपयोग होतो, कारण एखादा शब्द अडला तर त्याचा जोडीदार पाहता येतो. ३६ व्या स्तोत्रातली ही ओळ पाहा: "तुझं हेसेद आभाळापर्यंत, तुझा भरवसा ढगांपर्यंत." हेसेद हाच तो शब्द, ज्याचं मराठीत कधी दया होतं, कधी करुणा, कधी वात्सल्य. (सुरुवातीचा ह घशातून खरखरीत काढायचा.) त्याच्या जोडीला इथे भरवसा आहे, कीव नाही. इतर ठिकाणीही हेसेद पुष्कळदा खरेपणा, विश्वासूपणा, करार अशाच शब्दांच्या पंगतीला बसतं.

## एका ओळीत तीन शब्द

५१ व्या स्तोत्राची पहिली ओळ शब्दशः अशी: "देवा, माझ्यावर मेहेरबानी कर, तुझ्या हेसेदाप्रमाणे, तुझ्या अपार रहमीमांप्रमाणे माझे गुन्हे पुसून टाक." मराठीत आपण ज्या सगळ्याला सरसकट दया म्हणून मोकळे होतो, त्याचे इथे तीन वेगळे पदर आहेत.

पहिला हेन, म्हणजे मेहेरबानी, मर्जी. वरचा माणूस खालच्यावर करतो ती. अधिकाऱ्याच्या सहीसाठी फाइल घेऊन उभा राहिलेला माणूस ज्याची वाट पाहतो ते हेन. यात नातं असलंच पाहिजे असं नाही.

दुसरा रहमीम. तो रेहेम या शब्दाशी जोडलेला आहे आणि रेहेम म्हणजे गर्भाशय. राजा शलमोनासमोर दोन बायका एकाच बाळावर हक्क सांगतात ती गोष्ट अनेकांना माहीत असते. तलवारीने बाळाचे दोन भाग करा असा हुकूम होताच खऱ्या आईचे रहमीम पेटले, असं मूळ वाक्य आहे. मराठीत त्याला नेमका वाक्प्रचार आहे: तिचं आतडं पिळवटलं. देवाच्या बाबतीत हाच शब्द वापरताना हिब्रू कवी संकोचत नाहीत. उलट १०३ वं स्तोत्र म्हणतं की बाप लेकरांवर जशी माया करतो तशी देव करतो, आणि तिथे बापासाठीही क्रियापद गर्भाशयाचंच ठेवतं.

तिसरा हेसेद. तो मात्र वेगळा बसून समजून घ्यावा लागतो.

## हेसेद म्हणजे नात्याला जागणं

हा शब्द हिब्रू बायबलमध्ये सुमारे २५० वेळा येतो आणि त्यातला जवळपास निम्मा वापर स्तोत्रांतच आहे. अर्थ पकडायचा तर देवाला क्षणभर बाजूला ठेवून माणसं एकमेकांशी हेसेद कधी करतात ते पाहावं.

दावीद आणि योनाथान जिवलग मित्र. योनाथान राजा शौलाचा मुलगा, आणि शौल दावीदाच्या जिवावर उठलेला. उद्या तू राजा झालास तर माझ्या घराण्याशी हेसेद तोडू नकोस, असं वचन योनाथान घेतो. पुढे शौल आणि योनाथान दोघेही लढाईत पडतात, दावीद गादीवर येतो. नव्या राजाने जुन्या घराण्याचे वारस संपवायचे, हा तेव्हाचा रिवाज. दावीद विचारतो, शौलाच्या घरातलं कुणी उरलंय का, म्हणजे योनाथानासाठी मला त्याच्याशी हेसेद करता येईल? योनाथानाचा दोन्ही पायांनी अधू असलेला मुलगा मफीबोशेथ सापडतो. तो थरथरत येतो. दावीद त्याला आजोबाची सगळी जमीन परत देतो आणि रोज राजाच्या पंगतीला बसवतो.

तो अपंग आहे म्हणून दावीदाला कीव आली, असं इथे घडलेलं नाही. शोध सुरू झाला तेव्हा त्याच्या पायांबद्दल दावीदाला ठाऊकच नव्हतं. दिलेला शब्द होता आणि ज्याला दिला तो आता आठवण करून द्यायला उरला नव्हता. मेलेल्या मित्राच्या मुलाची फी गाजावाजा न करता वर्षानुवर्षं भरणारा माणूस जे करतो, ते हेसेद. मराठीत त्याला सर्वांत जवळचा शब्दप्रयोग दया नव्हे, तर नात्याला जागणं. आणि हा जागण्याचा दुहेरी अर्थ हिब्रूत नसूनही कवींना मानवला असता, कारण इस्राएलचा राखणदार डुलकी घेत नाही की झोपत नाही, असं १२१ वं स्तोत्र सांगतंच.

म्हणूनच स्तोत्रकर्ता देवाकडे हेसेद मागतो तेव्हा सूर भिकाऱ्याचा नसतो. ४४ वं स्तोत्र थेट म्हणतं: जागा हो, झोपलास का? तुझ्या हेसेदासाठी आम्हाला सोडव. ही घरच्या माणसाची तक्रार आहे.

मग हा सौदाच झाला की, असं कुणी म्हणेल. अभ्यासकांतही हा वाद झाला आहे. नेल्सन ग्लूक यांनी १९२७ मध्ये हेसेद म्हणजे करारातून येणारं कर्तव्य, अशी मांडणी केली. कॅथरीन साकेनफेल्ड यांनी १९७८ मध्ये ती दुरुस्त केली. हेसेद करणारा सहसा बलवान असतो, त्याने केलं नाही तर त्याला कुणी विचारणारं नसतं, तरीही तो करतो. दावीदाची गोष्ट याच बाजूने साक्ष देते. करार होता, पण तो पाळायला लावणारं कोर्ट कुठे होतं?

हा शब्द लोकांच्या किती अंगवळणी पडला होता याचा पुरावा जमिनीतून निघाला आहे. १९७९ मध्ये यरुशलेमच्या जुन्या शहराबाहेर केतेफ हिन्नोम इथे गॅब्रिएल बार्काय यांच्या उत्खननात एका थडग्यात चांदीच्या पत्र्याच्या दोन बारीक गुंडाळ्या सापडल्या. गळ्यात घालायचे ताईत होते ते, साधारण इ.स.पू. ६०० च्या सुमाराचे. मोठी गुंडाळी उलगडल्यावर जेमतेम १० सेंटिमीटर लांब आणि पावणेतीन सेंटिमीटर रुंद भरली. पत्रा तुटू न देता उलगडायलाच सुमारे ३ वर्षं गेली. त्यावर ओरखड्यासारख्या अक्षरांत देवाचं वर्णन आहे: करार आणि हेसेद पाळणारा.

## अडचण आणि मोकळी जागा

आता दुसऱ्या शब्दाकडे, तारणाकडे, म्हणजे सुटकेकडे. हिब्रूत संकटासाठी नेहमीचा शब्द त्सार, मूळ अर्थ अरुंद, चिंचोळं. इथे मराठी वाचकाला समजावण्याचे कष्टच नाहीत, कारण आपली अडचण तशीच आहे. खोलीत अडचण झाली म्हणजे जागा नाही, आणि माणूस अडचणीत आला म्हणजे संकटात आला. ११८ वं स्तोत्र म्हणतं: अडचणीतून मी हाक मारली, त्याने मोकळ्या जागेत उत्तर दिलं. सुटका म्हणजे स्वर्गात उचलून नेणं नव्हे. पाय पसरायला, श्वास घ्यायला जागा होणं, आपण जिवाला मोकळं वाटलं म्हणतो ते.

सोडवण्याची क्रियापदंही एक नाहीत. हित्सील म्हणजे हिसकावून घेणं. आमोस संदेष्टा म्हणतो, मेंढपाळ सिंहाच्या जबड्यातून मेंढीच्या दोन तंगड्या किंवा कानाचा तुकडा हित्सील करतो. त्याचं कारण व्यवहारी होतं. जनावर श्वापदाने फाडलं याचा पुरावा दाखवला तर राखणीला घेतलेल्या मेंढपाळाला भरपाई द्यावी लागत नसे. आमोसाने तो दाखला कडवट थट्टेने दिला आहे, पण क्रियापदातला जबडा आणि ओढाताण त्यातून नीट दिसते. होशीआ म्हणजे वाचवणं, मदतीला धावणं. येशू हे नाव याच धातूचं, आणि होसान्ना ही आरोळीही. ११८ व्या स्तोत्रातलं 'होशीआ ना', म्हणजे 'वाचव रे', हे तिचं मूळ.

आणि मग गाअल आणि पादा. हे दोन्ही शब्द देण्याघेण्याच्या व्यवहारातले. कुणी गरिबीपायी जमीन विकली किंवा स्वतःला गुलामीत विकलं, तर जवळच्या नातलगाने पैसे भरून ते सोडवावं असा लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायाचा नियम. अशा सोडवणाऱ्या नातलगाला गोएल म्हणत. पादा म्हणजे मोल देऊन सोडवून घेणं. पहिला मुलगा देवाचा, म्हणून बापाने ५ शेकेल चांदी भरून त्याला पादा करायचं, हा विधी ज्यू घरांत आजही होतो. म्हणून वर म्हटलं की बँकेतला तारण शब्द मूळ कल्पनेच्या जवळचा आहे: वस्तू आपलीच असते, अडकलेली असते आणि ती सोडवून आणायची असते. फरक एवढाच की स्तोत्रांत गहाण पडलेला माणूस असतो आणि सोडवायला देव गोएल म्हणून, म्हणजे जवळचा नातलग म्हणून, उभा राहतो. हेसेद आणि सुटका यांचा सांधा इथे आहे. सोडवतो कोण? तर ज्याचं नातं लागतं तो.

## १०७ वं स्तोत्र: चार प्रसंग, एकच हाक

ही सगळी यंत्रणा एकत्र चालताना पाहायची तर १०७ वं स्तोत्र घ्यावं. ४३ ओव्या आहेत. पहिल्या ओवीत हेसेद, शेवटच्या ओवीतही हेसेद, आणि मध्ये चार प्रसंग.

पहिल्यात वाळवंटात वाट चुकलेले लोक, भुकेले, तहानलेले. दुसऱ्यात अंधारकोठडीतले कैदी, लोखंडात जखडलेले. तिसऱ्यात आजारी, अन्नाची शिसारी आलेले, मरणाच्या दारापर्यंत पोचलेले. चौथा प्रसंग सर्वांत रंगलेला आहे: व्यापाराला निघालेले खलाशी, लाट त्यांना आभाळाला भिडवते आणि तळाशी आपटते, ते दारुड्यासारखे झोकांड्या खातात आणि त्यांचं सारं कसब गिळलं जातं.

प्रत्येक प्रसंगात दोन पालुपदं येतात. एक हाकेचं: अडचणीत त्यांनी देवाकडे टाहो फोडला आणि त्याने त्यांना सोडवलं. दुसरं आभाराचं: देवाच्या हेसेदाबद्दल त्यांनी त्याचे आभार मानावेत. पालुपद चारदा येतं, पण कवी ते शिक्का मारल्यासारखं छापत नाही. वाळवंटातल्यांना तो हिसकावून घेतो, कैदी आणि आजारी यांना वाचवतो, खलाशांना बाहेर काढतो. मराठी भाषांतरात हे बारकावे सहज सपाट होतात, पण मुळात क्रियापद खरोखर बदलतं.

या स्तोत्राची खरी धार वेगळीकडेच आहे. वाट चुकलेले आणि वादळात सापडलेले यांचा दोष सांगितलेला नाही. कैदी आणि आजारी मात्र आपल्याच करणीने तिथे पोचले, असं कवी स्पष्ट म्हणतो: एकांनी बंड केलं, दुसरे मूर्खपणाने वागले. तरी हाक चौघांची तीच आणि उत्तरही तेच. हाकेच्या ओळीत पश्चात्ताप नाही, कबुली नाही, पुढे सुधारेन असं वचन नाही, नुसता टाहो आहे. ज्या क्रियापदाने तो सांगितला आहे तेच निर्गम पुस्तकात छळलेली विधवा आणि अनाथ दाद मागतात तेव्हा येतं. चूक कुणाची याचा हिशेब होत नाही असं नाही, पण तो सुटकेच्या आधी होत नाही.

## सुटका झाल्यावर: चाळीस भाकरी आणि दहा माणसं

नवस फेडणं आपल्याला नवं नाही. ११६ व्या स्तोत्रातला सुटलेला माणूसही म्हणतो, सगळ्या लोकांदेखत मी माझे नवस फेडीन. यरुशलेमच्या देवळातल्या या आभाराच्या यज्ञाला तोदा म्हणत. जनावरासोबत भाकरी लागत. तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथाच्या हिशेबाने एकूण ४०, त्यात ३० बेखमीर आणि १० खमिराच्या. त्यातल्या ४ याजकाला, उरलेल्या ३६ घरच्यांना. इतर स्वखुशीच्या यज्ञांचं मांस दुसऱ्या दिवशीही चाले, तोदाचं मात्र त्याच दिवशी संपवायचं. एका कुटुंबाला ३६ भाकरी आणि एक अख्खं जनावर एका दिवसात संपणं शक्य नाही. मग शेजारीपाजारी बोलवावे लागत आणि जेवता जेवता काय झालं होतं ते सांगावंच लागे. आभार खासगी राहू नयेत म्हणूनच ही मुदत, असं ज्यू भाष्यकारांनी म्हटलं आहे, आणि ते पटतं.

देऊळ इ.स. ७० मध्ये पडलं आणि यज्ञ बंद झाले. तालमूदने १०७ व्या स्तोत्रातले चार प्रसंग उचलून नियम केला: समुद्रप्रवास, वाळवंट, आजार आणि कैद यांतून सुटलेल्याने आभार मानलेच पाहिजेत. त्यासाठी हागोमेल नावाचा छोटा आशीर्वाद किमान दहा जणांसमोर म्हणायचा असतो. त्यात देवाला 'हय्यावीमांचं भलं करणारा' म्हटलं आहे आणि हय्यावीम म्हणजे ज्यांच्याकडे देणं निघतं असे. समुद्र ओलांडणाऱ्या विमानप्रवासानंतरही पुष्कळ जण तो म्हणतात.

मुंबईत याची एक खूण उभी आहे. मशीद बंदर भागातलं शारे रहामीम (म्हणजे रहमीमांचं दार) हे सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनास्थळ. १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईतलं हे पहिलं सिनेगॉग स्थापन केलं. कंपनीच्या फौजेतले हे बेने इस्रायल (मराठी बोलणाऱ्या ज्यू) समाजातले अधिकारी टिपू सुलतानाच्या कैदेत पडले होते आणि सुटकेबद्दल कृतज्ञता म्हणून त्यांनी ते बांधलं, अशी समाजातली परंपरा आहे. म्हणजे १०७ व्या स्तोत्रातला दुसरा प्रसंग. कोकणातून आलेल्या या समाजात आजारातून उठल्यावर, इच्छा पुरी झाल्यावर पोहे, खोबरं, गोड आणि फळं मांडून एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावाने मलिदा करतात. तोही एकट्याने खायचा नसतो.

## मग फरोच्या सैन्याचं काय?

१३६ व्या स्तोत्रात २६ ओव्या आहेत आणि प्रत्येकीच्या शेवटी एकच पालुपद: त्याचं हेसेद सर्वकाळचं. आकाश केलं, हेसेद सर्वकाळचं. सूर्य केला, हेसेद सर्वकाळचं. आणि मग मिसरचे (इजिप्तचे) पहिले मुलगे मारले, हेसेद सर्वकाळचं. फरोला, म्हणजे तिथल्या राजाला, आणि त्याच्या सैन्याला समुद्रात झटकून टाकलं, हेसेद सर्वकाळचं. इथे आजचा वाचक अडखळतो, आणि अडखळायलाच हवं.

मूळ कवीच्या बाजूने उत्तर असं की हेसेद नात्यात असतं आणि मिसरमध्ये गुलाम झालेल्या इस्राएलांना सोडवायचं तर धन्याची मूठ उघडावी लागते. ते खरं, पण पुरेसं नाही, हे ज्यू परंपरेलाही जाणवलं होतं. तालमूदमध्ये प्रसंग आहे: मिसरी बुडत असताना देवदूत गाऊ लागले तेव्हा देवाने त्यांना गप्प केलं, माझ्या हातची माणसं समुद्रात बुडतायत आणि तुम्ही गाणी म्हणता? त्या सुटकेची आठवण असलेल्या वल्हांडण सणाच्या जेवणात मिसरवर आलेल्या दहा पीडांची नावं घेताना पेल्यातून थेंब थेंब द्राक्षारस काढून टाकतात, त्याचं प्रचलित स्पष्टीकरणही हेच: शत्रू मेला तरी आपला पेला काठोकाठ भरलेला नको. स्तोत्र स्वतः मात्र हे सौम्य करत नाही. फक्त शेवटाकडे ते एकदम पैस घेतं: प्रत्येक देहधाऱ्याला तो अन्न देतो. १४५ वं आणखी पुढे जातं: त्याचे रहमीम त्याने केलेल्या प्रत्येकावर.

'जुन्या करारातला देव रागीट, नव्यातला दयाळू' असं जे ऐकू येतं, त्याला स्तोत्रांत फारसा आधार नाही. तीन स्तोत्रं (८६, १०३, १४५) निर्गम पुस्तकातलं एकच वर्णन घोकतात: कनवाळू, मेहेरबान, हेसेदाने भरलेला आणि 'लांब नाकपुड्यांचा'. राग नाकात असतो ही कल्पना आपलीच. नाकपुडी लांब म्हणजे राग पोचायला वेळ लागतो.

## आणि सुटका झालीच नाही तर?

८८ वं स्तोत्र याचं उत्तर देत नाही, प्रश्न उघडा ठेवतं. गाऱ्हाण्याच्या स्तोत्रांना सहसा शेवटी वळण मिळतं, 'त्याने ऐकलं' असं. इथे ते नाहीच. थडग्यात तुझ्या हेसेदाबद्दल कोण सांगणार, असा सवाल येतो आणि स्तोत्र 'काळोख' या शब्दावर थांबतं. पुढचं ८९ वं हेसेद गाण्यानेच सुरू होतं आणि शेवटाकडे विचारतं, तुझी ती पूर्वीची हेसेदं गेली कुठे? संग्रह लावणाऱ्यांनी ही दोन स्तोत्रं काढून टाकली नाहीत आणि त्यांना गोड शेवटही जोडला नाही.

## वाचायला बसताना

सुरुवात १३० व्यापासून करावी. आठच ओव्या आहेत, आणि हेसेद व पादा या धातूचा शब्द एकाच ओवीत शेजारी मिळतात. मग १०७, १३६, ५१.

क्रमांकांचा घोळ होतो, तो आधीच माहीत असलेला बरा. हिब्रू प्रतीत स्तोत्राच्या माथ्यावरचं शीर्षकही ओवी म्हणून मोजतात, मराठीत बहुधा नाही. ५१ चं शीर्षक दोन ओव्यांचं, त्यामुळे त्याची पहिली ओवी हिब्रूत तिसरी भरते. शिवाय जुन्या ग्रीक-लॅटिन परंपरेत ९ वं आणि १० वं मिळून एकच स्तोत्र धरल्यामुळे तिथून १४७ पर्यंत बहुतेक ठिकाणी आकडा एकाने मागे पडतो. वसईकडच्या किंवा गोव्याच्या एखाद्या कॅथलिक घरात आजीचं जुनं प्रार्थनेचं पुस्तक असेल, तर त्यात १३० वं स्तोत्र १२९ व्या आकड्याखाली शोधावं.